खारं पाणी

जयगड, ता. २९ मे १९३४

रघू,

वडील भावाने आधी आशीर्वाद लिहायचा असतो, तेव्हा तो लिहिला असं समज. तीन वर्षांत तुझं एक पत्र नाही, आणि आलं तेव्हा सोबत काय आलं, तर माझ्या ढुंगणात घालायची नळी.

माझा कोठा साफ होत नाही ही बातमी मुंबईला कोणी नेली ते मला ठाऊक आहे. शिमग्याच्या आधी बाबल्या माझगावला तुझ्या खोलीवर उतरला होता. माझ्या मचव्यावर खलाशी म्हणून जेवतो आणि माझ्या पोटातलं तुझ्यापुढे ओकून येतो. तुझं पार्सल पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने आलं तेही त्यानेच उतरवून घेतलं. पांढरा रोगणी डबा, खाली तोटी, हे बघून धक्क्यावर सगळ्यांना सांगत आला, "रघूशेटनं तांडेलांसाटी मुंबैवरनं चायचा भांडा धाडलान." तुझ्या वहिनीने, गुणवंतीने तो घासूनपुसून फळीवर कपबश्यांशेजारी मांडला. मी तुझा कागद वाचून होईपर्यंत शेजारच्या दोघी तो बघून, वाखाणून गेल्या होत्या.

कागद तुझ्याच अक्षरातला आहे हे ओळखलं. 'दादा, रोज सकाळी डबाभर कोमट खारं पाणी घे. नळीला तेल लाव. डाव्या कुशीवर नीज. आतलं सगळं विष निघून जाईल.' विष म्हणे. गोदीत मुकादमी करता करता तू त्या निसर्गोपचारवाल्या बुवाच्या व्याख्यानांना जातोस हे कळलं होतं, पण तो तुला माझ्या पोटापर्यंत घेऊन येईल असं वाटलं नव्हतं.

मी घेणार नव्हतो. पण मचवा किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्यापासून नुसता बसून आहे, खाणं सुकं, आणि कोठ्याचा पार दगड झालेला. म्हणून काल घेतलं. खारं पाणी आम्हाला काय दुर्मीळ? दाराशीच आहे. भरती पुरी चढल्यावर गुणवंतीने कळशी भरून आणली, फडक्यातून गाळली, चुलीवर कोमट केली. तेल कुठलं ते तू लिहिलं नव्हतंस. हाताशी दिव्याचं उंडीचं कडू तेल होतं, तेच नळीला चोपडलं. मी असा ओरडलो की वाडीतले लोक काठ्या घेऊन धावत आले. गुणवंतीने त्यांना विंचू निघाला म्हणून सांगितलं. आता नळीला खोबरेल लावतो.

कोठा साफ झाला. हे तुला कळवायची माझी इच्छा नव्हती, पण गुणवंती म्हणाली, "लिवा. खरा ता लिवा." तेव्हा लिहिलं.

मचवा विकण्याबद्दल शेवटी तू दोन ओळी घुसडल्या आहेस. बाबा जाताना काय म्हणाले ते तू ऐकलंस, मीही ऐकलं. दोघांपैकी एकाच्या हातात सुकाणू आहे तोवर मचवा विकायचा नाही. तुझ्या हातात ते कधी नव्हतंच. माझ्या हातात आहे. नारळी पौर्णिमेला जयगडचा पहिला मचवा आपलाच बाहेर पडेल, आणि सुकाणूवर मी असेन.

कळावे. लोभाचं तुझं तू बघ.

जानू तांडेल


जयगड, ता. १२ जुलै १९३४

रघू,

तुझं कार्ड मिळालं. उघड्या कार्डावर 'एनिमा नियमित चालू आहे ना' असं लिहिताना तुला जनाची नाही, निदान माझ्या वयाची तरी लाज वाटायला हवी होती. पोस्टाच्या शिपायाने ते वाचलं, त्याच्या बायकोने वाचलं नसेल तर तिला वाचता येत नाही म्हणून. काल देवळात एकाने मला विचारलं, "तांडेलानू, एनिमा म्हंजे गोऱ्या मडमेचा नाव काय?"

नियमित चालू आहे. बंद करायची सोयच तू ठेवली नाहीस. पूर्वी दोन-चार दिवसांनी का होईना, पोट आपलं आपण हलायचं. आता डबा टांगल्याशिवाय हलत नाही. एक सकाळ मुद्दाम डबा लावला नाही. दिवसभर पोट असं गप्प बसलं की जणू ते माझं नव्हेच. दुसऱ्या दिवशी निमूटपणे नळीला खोबरेल लावलं आणि डाव्या कुशीवर निजलो.

मधल्या पत्रात तुला लिहिलं होतं की तहान फार लागते आणि अंग गळून जातं. त्यावर तुझं उत्तर, विष निघतंय, अजून थोडं जास्त घे. बरं. जास्त घेतो. आणि चोखही घेतो, नाहीतर म्हणशील दादाने अर्धवट केलं. पावसात शास्त्री नदीला पूर आला की आपल्या खाडीचं पाणी मचूळ होतं, त्यात कसला गुण असणार? म्हणून बाबल्याला कऱ्हाटेश्वराच्या देवळाच्या अंगाला पाठवतो. तिथे लाटा अंगावर घेऊन तो उघड्या दर्याचं अस्सल खारं पाणी भरून आणतो. दोनदा आपटला. माझ्या पोटाची बातमी तुझ्याकडे नेण्याची ती शिक्षा आहे असं मी त्याला सांगितलं.

गुणवंती कुरकुरते. काल म्हणाली, "सकाळी डबा लावताव नि दिसभर घागर घेऊन बसताव. एकदा गोड्या पान्याचा करून बगा की."

मी म्हटलं, "रघून खारं लिवलान. मग खारंच."

"रघूभावजींवर येवडा राग, नि त्येंचा सबूद तेवडा देवाचा?"

तिला गप्प केलं. पण तुलाही सांगून ठेवतो, मी तुझ्यासाठी काही करत नाही. मला पौर्णिमेपर्यंत धड व्हायचं आहे. मांड्यांत गोळे येतात ते पावसाळी हवेने. जिन्नस तुझा आहे, कोठा माझा आहे, आणि मचवा विकायचा नाही.

जानू तांडेल


जयगड, ता. २८ ऑगस्ट १९३४

रघू,

सुकाणू माझ्या हातात होतं. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण बाकीचं तुला कोणी ना कोणी कळवेलच.



मचव्यावर डबा टांगायला जागा नाही. खलाशांसमोर काय डोलकाठीला अडकवू? म्हणून पौर्णिमेच्या सकाळी घरीच दोन डबे घेतले, पुढल्या दिवसाचीही बेगमी म्हणून. पोटात वणवा पेटला. घटाघटा पाणी प्यायलो, ते उलटून पडलं. तरी धोतर झाडून उठलो, फेटा बांधला, वाजतगाजत धक्क्यावर गेलो. नारळ मी वाहिला. गुणवंतीने मचव्याला हळदकुंकू लावलं तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "तुमी ऱ्हवा. बाबल्याला धाडा." सगळ्यांसमोर मी तिच्यावर खेकसलो.

खाडीच्या तोंडाशी, जिथे वळण घ्यायचं असतं, तिथे माझ्या पायांत गोळे आले आणि डोळ्यांपुढे अंधार झाला. मी पडलो. लोक सांगतात की पडतानाही मी सुकाणू सोडलं नव्हतं, आणि तेच वाईट झालं. माझ्या भाराने ते एका अंगाला गेलं आणि मचवा खडकाकडे वळला. बाबल्याने माझी बोटं उकलून ते सोडवून घेतलं. डाव्या अंगाची एक फळी फुटली. सहा माणसं होती मचव्यात. कोणाला काही झालं नाही. झालं असतं तर हे पत्र तुला मी लिहिलं नसतं, फौजदाराने लिहिलं असतं.

मला होडीत आडवा घालून परत आणला, पाटीतल्या बांगड्यासारखा. सगळा धक्का बघत होता. ज्या पोरांना मी वारा ओळखायला शिकवलं, ती बघत होती.

आता तू खरं लिही. तुला मचवा विकायचा आहे. माझ्या हातून सुकाणू सुटल्याशिवाय तो विकता येत नाही. तुझा डबा यायच्या आधी माझी तक्रार होती ती फक्त कोठ्याची. आज मला ओसरीवरून अंगणात उतरताना भिंत धरावी लागते. तू मला बरं करायला डबा पाठवलास की पाडायला? 'विष निघतंय' हे आता लिहू नकोस. विष आत कोणी घातलं ते लिही.

जानू


जयगड, ता. १५ सप्टेंबर १९३४

रघू,

तुझं पत्र आलं. आईच्या नावाने शपथ घेतली आहेस, आणि रत्नागिरीला डॉक्टरला दाखव म्हणून लिहिलं आहेस. तुझ्या शपथेसाठी नाही, गुणवंतीने जेवण सोडलं म्हणून गेलो. तीही सोबत आली.

डॉक्टर देशावरचे आहेत, तरणे. माझी जीभ बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. नंतर जिथे बघायचं तिथेही बघितलं, त्याबद्दल लिहीत नाही. म्हणाले, "आतलं अस्तर लालभडक झालंय. एनिमा कशाचा घेता?"

"खाऱ्या पान्याचा."

"मीठ किती घालता?"

"मीठ? मीठ कशाला घालू? खारंच असतंय ता."

त्यांनी टाक खाली ठेवला. "पाणी आणता कुठून?"

"आदी खाडीतनं. मग बाबल्या दर्यातनं आनतो. चोख."

ते हसतील असं मला वाटलं. हसले असते तर मी उठून निघून आलो असतो. ते हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तांडेल, मासळीला मीठ लावलं की काय होतं?"

"पानी सुटतं."

"मग? तुम्ही पावसाळाभर स्वतःच्या आतड्याला मीठ लावत होता. एनिमाच्या पाण्यात मीठ घालतात ते चिमूटभर, रक्तात असतं तितपत. दर्याचं पाणी त्याच्या तिप्पट-चौपट खारट. ते आत गेलं की अंगातलं पाणी ओढून घेतं आणि बाहेर पडतं. म्हणून तहान, म्हणून पायांत गोळे, म्हणून घेरी. वर दोन डबे घेतलेत. तुम्ही जिवंत आहात ते तुमचं हाड मजबूत आहे म्हणून."

गुणवंती दाराशी बसली होती. जन्मभर बांगडे खारवणारी बाई. ती एकदम म्हणाली, "म्हंजे मी ह्येंना खारवत व्हते?" आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी तिला इतकं रडताना सासऱ्यांच्या मयताला बघितलं होतं, त्यानंतर आज.

दुसरंही सांगितलं त्यांनी. पाणी बरोबर असतं तरी रोज घेणं चूक. आतडं रोज बाहेरच्या पाण्याने ताणलं गेलं, त्याच्यासाठी ढकलण्याचं काम दुसराच कोणी करायला लागला, की ते स्वतः ढकलायचं सोडतं. आता त्याला पुन्हा शिकवायचं आहे. डबा हळूहळू तोडायचा, दिवसाआड, मग आठवड्याने, तोही गोड्या पाण्यात त्यांनी दाखवलं तेवढंच मीठ घालून. बाकी पाणी पोटभर प्यायचं, पालेभाजी खायची, कुळथाचं कढण घ्यायचं, चालायचं, आणि सकाळी ठरल्या वेळी जाऊन निवांत बसायचं, काही होवो न होवो. आत सोलपटलंय तिथे कोकमतेल. नळीला उंडीचं तेल लावलं होतं हे ऐकून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला.

निघताना म्हणाले, "लिहून देणाऱ्याने मिठाचं माप लिहायला हवं होतं." मी म्हटलं, "लिवनारा माजा भाव हाय." का म्हटलं कोण जाणे. तुझी बाजू घ्यायची काही गरज नव्हती.

आता तू सांग. खारं पाणी असं तू का लिहिलंस? मी वाट बघतो आहे.

जानू


जयगड, ता. ३ ऑक्टोबर १९३४

रघू,

वाचलं. तीनदा वाचलं, कारण पहिल्यांदा रागाने अक्षर दिसेना.

तू लिहितोस, बुवाच्या छापील कागदावर 'सलवण जल' असं होतं. दादाला हा संस्कृत शब्द कळायचा नाही, म्हणून त्याच्यासाठी साधं करून तू 'खारं पाणी' लिहिलंस. मुंबईत मीठ घातलेल्या पाण्याला तसंच म्हणतात, असं लिहितोस.

माझ्यासाठी साधं केलंस! रघू, तू 'सलवण जल' लिहिलं असतंस तर मी ते घेऊन मास्तरांकडे गेलो असतो. मास्तरांनी सांगितलं असतं, मीठ घातलेलं पाणी, आणि मी चिमूटभर मीठ घातलं असतं. अवघड शब्दाने मी वाचलो असतो. तू आपल्या घरचा शब्द घातलास, आणि घरच्या शब्दाचा अर्थ मी कोणाला जाऊन विचारू? जयगडात खारं पाणी म्हणजे काय हे दुधाच्या पोराला ठाऊक आहे. 'खाऱ्या पाण्यात जाऊ नको' म्हणून आई तुझ्या पाठीत धपाटा घालायची तेव्हा ती काय मिठाच्या वाटीबद्दल बोलत होती?

मला पाडायला तू डबा पाठवला नाहीस हे आता कळलं. ते मी लिहिलं होतं, ते मागे घेतो. पण त्याने माझा राग गेला नाही, वाढला. तू वाईट मनाने केलं असतंस तर तुझं नाव टाकून मोकळा झालो असतो. तू प्रेमाने केलंस आणि विसरून केलंस. दाराशी खाडी असलेल्या घरात तू जन्मलास आणि खारं पाणी म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे समुद्र आला नाही. याचा राग कुठे ठेवू ते मला कळत नाही.

आणि तो एक शब्द मी किती जपला ते तुला कळू दे. बाबांच्या तेराव्याला मचवा विक म्हणालास, आपलं वाजलं, तू ताटावरून उठून बोट पकडलीस. तेव्हापासून तुझं नाव घरात काढू देत नव्हतो. पण तुझ्या हातचा कागद आला आणि त्यातला काना-मात्रा मी बदलला नाही. गुणवंती गोडं पाणी घ्या म्हणत होती. माझी जीभ सुकून टाळ्याला चिकटत होती. तरी खारंच घेतलं, कारण रघूने खारं लिहिलं होतं. गुणवंतीने विचारलं ते बरोबर विचारलं.  

प्रकृती विचारली आहेस. आहे.

जानू


जयगड, ता. २० नोव्हेंबर १९३४

रघू,

हे बाबल्या हाती देईल. तो आगबोटीने कामासाठी मुंबईला येतो आहे. त्याला दोन दिवस ठेवून घे, आणि माझ्या पोटाबद्दल काही विचारू नकोस, मीच लिहितो आहे.

महिनाभर सकाळी निवांत जाऊन बसत होतो आणि तसाच उठून येत होतो. गुणवंती परसातून विचारायची, "काय?" मी म्हणायचो, "काय नाय." चालून चालून चपलेचे तळ गेले. कढण पिऊन पिऊन अंगाला कुळथाचा वास यायला लागला. तहान मात्र गेली, पायांत जोर आला. फळी बसवून घेतली. मग म्हटलं, डबा घरी ठेवून निघायचं, जे होईल ते होईल.

निघालो. सुकाणू बाबल्याने आपणहून माझ्या हातात दिलं. खाडीच्या तोंडाशी वळण घेतलं तेव्हा सहाच्या सहा माणसं माझ्या पायांकडे बघत होती. मी म्हटलं, "वाऱ्याकडं बगा, माज्याकडं काय बगताव?" पुढे जाळी टाकली. उन्हं वर आली, आणि मला एकाएकी जाणवलं. सुकाणू बाबल्याकडे देऊन मी मागल्या अंगाला काठ धरून बसलो, आपले बाबा बसायचे तसा. डबा नाही, नळी नाही, तेल नाही. आपलं आपण. उठलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ती सगळी गाढवं शीड सोडून माझ्याकडे बघून ओरडत होती, जसा काही मी मोठा घोळ मासा पकडला होता. हे तू कोणाला सांगायचं नाही. बाबल्या सांगेलच.

तेव्हा बाबांचा शब्द कायम आहे. सुकाणू माझ्या हातात आहे. मचवा विकायचा नाही. विक म्हणून पुन्हा लिहिलंस तर पुन्हा भांडेन, तेवढी ताकद आता आहे.

तुझा डबा परत मिळणार नाही. तोटी काढून खालचं भोक बुजवून घेतलं आणि तो मचव्यावर ठेवला. बुडाशी साचतं ते उपसायला बरा पडतो. खारं पाणी बाहेर काढायलाच तो डबा बरा.

बाबल्याजवळ एक बाटली दिली आहे. औषध नाही, घाबरू नकोस. बूच घट्ट ठोकून वर मेण लावलं आहे. कऱ्हाटेश्वराच्या अंगाला मी स्वतः उतरून भरली, गुडघ्याएवढ्या लाटेत. गुणवंती वरून ओरडत होती.

खोलीवर आलास की दार लावून घे आणि बूच काढ. आधी वास घे. मग एक घोट तोंडात धर, गिळू नकोस. पोहायला शिकवताना मी तुला धक्क्यावरून ढकलला होता, आठवतं? तू नाकातोंडातून जे ओकत वर आलास आणि माझ्या गळ्याला मिठी मारलीस, तेच हे.

थुंकून झालं की मला लिही, याला काय म्हणतात. कार्डावर लिहिलंस तरी चालेल. उघड्या कार्डावर. पोस्टाचा शिपाई वाचू दे, सगळं गाव वाचू दे.

तुझा दादा